बेलझरी फाट्याची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. मुलांच्या दप्तरात असते ती काळी पाटी नव्हे. ती माझी दूरची आणि माझ्याहून नशीबवान बहीण. मी रस्त्याच्या कडेला सागाच्या दोन खांबांवर उभी असलेली, गावाचं नाव सांगणारी पत्र्याची पाटी. चांदा जिल्ह्याच्या जंगलातून मुरमाचा एक लाल रस्ता जातो. त्या रस्त्यावरून एक गाडीवाट आत वळते, त्या वळणाला बेलझरी फाटा म्हणतात आणि तिथंच माझा मुक्काम आहे. गाव फाट्यापासून दोन कोस आत. त्याचं नाव मी अंगावर मिरवते, पण मित्रांनो, ते गाव मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही.

हसलात तरी चालेल. पाटीला पाय नसतात हे मलाही ठाऊक आहे. पण तुम्ही मोटारीतून जाताना माझ्याकडे एक नजर टाकता आणि पुढे निघून जाता. मी मात्र दिवसभर तिथंच असते. सकाळी एक मोटार येते, संध्याकाळी तीच परत जाते. अधूनमधून बांबू भरलेले ट्रक धूळ उडवत जातात. मधल्या वेळात वानरं माझ्या खांबाला पाठ घासतात आणि सागाची पानं पडत राहतात. कुणी माणूस माझ्या सावलीत घटकाभर टेकला, तर मला तो सणाचा दिवस वाटतो. त्यामुळे बोलायला कुणी सापडलं की माझं तोंड बंद होत नाही, तेवढं समजून घ्या.

माझा जन्म बाजाराच्या गावी, गफ्फारभाई टिनवाल्यांच्या दुकानात झाला. जन्म तरी कसला, दुसरा जन्म म्हणा. त्याआधी मी घासलेटचा डबा होते. उन्हाळ्यात अंग तापलं की अजून माझा मलाच तो वास येतो. गफ्फारभाई जुन्या डब्यांचे कंदील करत, चाळण्या करत, धान्य मापायची मापं करत. मला त्यांनी कापलं, लाकडी मोगरीनं ठोकून सपाट केलं आणि वर पांढरा रंग दिला. ठोकताना फार दुखलं. पण डबा असताना मला कुणी वाचणार नव्हतं, ही एक गोष्ट मनाशी धरून मी ते सोसलं.

त्या वर्षी देशात पहिली मोठी निवडणूक व्हायची होती. मतांच्या पेट्या घेऊन येणारे साहेबलोक जंगलात वाट चुकू नयेत म्हणून फाट्याफाट्यावर पाट्या लावायचं ठरलं होतं. कचेरीतून नावांच्या चिठ्ठ्या आल्या. गफ्फारभाई शिकलेले होते, पण उर्दू. मराठी अक्षरं ते वाचत नसत, चित्रासारखी बघून काढत, आणि हुबेहूब काढत. हाताच्या सवयीनं त्यांनी उजवीकडून सुरुवात केली. म्हणजे माझ्या अंगावर आधी शेवट उमटला आणि मग सुरुवात. पण काम पुरं झाल्यावर कुठून सुरुवात केली होती हे कोण विचारतो? शेजारचा पानवाला बघायला आला आणि म्हणाला, "गफ्फारभाई, छापल्यावानी दिसून राह्यलं." ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

बेलझरीचा कोतवाल मुखरू मला बैलगाडीतून घेऊन आला. कोतवाल म्हणजे गावात सरकारी हुकमाची दवंडी देणारा माणूस. मला वाटलं, आता गावात माझी वरात निघणार. पण गाडी फाट्यावरच थांबली. मुखरूनं खड्डे खणले, खांब गाडले, दगड ठोकले आणि खांब हलवून बघितले. "आता हाल म्हटलं तरी नाई हालत," असं तो स्वतःशीच म्हणाला आणि गाडी आत वळवून निघून गेला. बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हा मला पहिल्यांदा एकटं वाटलं. ते वाटणं अजून गेलेलं नाही.

मला वाचता येत नाही. पण वाचणाऱ्याची नजर अंगावरून डावीकडून उजवीकडे सरकते, ती मला कळते. शिवाय रस्त्यावरची माणसं मोठ्यानं वाचतात. माझं नाव पहिल्यांदा वाचलं ते एका ट्रकच्या क्लीनरनं. एंजिनात पाणी घालता घालता तो म्हणाला, "बेलझरी रिठ." मग ड्रायव्हरला म्हणाला, "रिठ आहे, उस्ताद. इथी चहा नाई भेटत." तेव्हा मला समजलं की माझ्या अंगावर एक नाही, दोन शब्द आहेत, आणि दुसरा शब्द चांगला नाही.

मित्रांनो, आमच्या भागात ज्या गावातली माणसं निघून गेली, घरं पडली, आणि नुसतं नाव सरकारी दप्तरात उरलं, त्या गावाला रिठ म्हणतात. बेलझरी एके काळी खरंच तशी झाली होती. आजे-पणजांच्या वेळी गावात पटकीची साथ आली. मागे राहिलेले गाव सोडून गेले. तलावाची पाळ फुटली, घरांच्या जागी बांबूची रांजी, म्हणजे बेटं, वाढली. पुष्कळ वर्षांनी वैनगंगेच्या अंगानं काही कुटुंबं आली. जंगू नावाचा गोंड म्हातारा तेव्हा जवान होता. त्यानं त्यांना पाळ कुठं फुटली ते दाखवलं. लोकांनी पाळ बांधली, तलाव भरला, धानाची शेती उभी राहिली. गाव पुन्हा नांदायला लागलं, पण दप्तरातला तो शब्द कुणी पुसला नाही. तो चिठ्ठीवर आला, आणि चिठ्ठीवरून माझ्या अंगावर.

हा सगळा इतिहास मला गुणवंतरावांकडून समजला. गुणवंतराव म्हणजे बेलझरीचे सरपंच. ग्रामपंचायत नवीन झाली होती आणि पंचायत म्हणजे काय, हे ते फाट्यावर भेटेल त्याला समजावून सांगत. त्यांना वाचता येत नव्हतं. सही येत होती, पण घाई केली तर येत नसे. गावातल्या मोठ्या लोकांची ओळखही मला अशी वाटेवरच झाली. वारलू दंडारीच्या खेळात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, राणी होत असे. दुसऱ्या गावचा खेळ आटोपून तो मोटारीतून उतरला की माझ्या खांबाला टेकून हातातल्या बांगड्या उतरवी आणि मगच घरी जाई, कारण त्याची बायको हसत असे. आणि सुगंधाबाई. त्यांना मी सगळ्यांत जास्त ओळखते.

सुगंधाबाईंचा नवरा लवकर गेला होता. चार बांध्यांची, म्हणजे बांध घातलेल्या चार खाचरांची, धानाची शेती त्या एकट्या सांभाळत. पंचायतीत त्यांचं नाव नव्हतं, पण त्यांना विचारल्याशिवाय गुणवंतरावांचा कुठलाही ठराव पुढं सरकत नसे. त्यांना एकच मुलगी होती, कमळा. कमळानं वाचायला शिकावं ही सुगंधाबाईंची एकुलती एक इच्छा. ती का, हेही मी ऐकलेलं आहे. नवरा गेल्यावर एका कागदावर त्यांचा अंगठा घेतला होता आणि त्यात काय लिहिलं होतं हे त्यांना पुष्कळ दिवस कळलंच नाही. त्या म्हणत, "माहा अंगठा गेला त गेला. पोरीचा नाई जाऊ द्याचा."

बेलझरीला शाळा मंजूर झाल्याची बातमी आली, तेव्हा गावानं कुडाच्या भिंतींची, गवती छपराची शाळा आधीच बांधून ठेवली. जमीन सारवण्यात सुगंधाबाई पुढं होत्या. आता फक्त गुरुजी यायचे होते. एक दिवस सुगंधाबाई कमळाला घेऊन फाट्यावर आल्या आणि मोटारीची वाट बघत माझ्या सावलीत बसल्या. कमळा उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत होती.

"माय, इथी काय लिवलं आहे?"

"बेलझरी लिवलं आहे."

"आन् हे बाजूचं?"

सुगंधाबाईंनी थोडा विचार केला. "तेबी बेलझरीच असन. दोनदा लिवलं, पक्कं व्हावं म्हून."

मला जन्मात इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या दिवशी गुरुजी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मग रोवणी सुरू झाली. धानाच्या मुलखात रोवणी सुरू झाली की अख्खं गाव चिखलात उतरतं. घरात म्हातारं माणूस आणि पाळण्यातलं मूल सोडून कुणी राहत नाही. पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटली की लगेच लावावी लागतात, ती कुणासाठी थांबत नाहीत. आणि शाळा उघडतात त्या नेमक्या याच दिवसांत. सरकारच्या पंचांगात रोवणी नसते.

गुरुजी आले तेव्हा फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन ते मोटारीतून उतरले, चष्मा पुसला आणि वाचलं, "बेलझरी रिठ." मग पुन्हा एकदा वाचलं. ते आमच्याच जिल्ह्यातले होते, त्यांना त्या शब्दाचा अर्थ चांगला माहीत होता. त्यांनी गाडीवाटेकडे थोडं बघितलं. वाट दोन्ही बाजूंच्या गवतानं झाकली होती. पेटीवर बसून त्यांनी शिदोरी खाल्ली, संध्याकाळपर्यंत वाट बघितली आणि परतीच्या मोटारीत चढले. कंडक्टरला ते म्हणाले, "उजाड गावात शाळा काढली राजा. कोनाले शिकवू? वानराले?"

मी काय करू शकत होते? वाऱ्यानं थोडी वाजले, तेवढंच. रोवणी आटोपल्यावर सुगंधाबाई पुन्हा फाट्यावर येऊ लागल्या. गुरुजी येऊन गेले हे त्यांना सांगणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी सांगू शकत नव्हते. मोटार थांबली की त्या उठून उभ्या राहत. मोटार गेली की पदरानं पाय झाडत आणि परत जात.

हिवाळ्यात गुणवंतराव कचेरीत जाऊन आले. मोटारीतून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. सुगंधाबाई त्यांना घ्यायला आल्या होत्या. गुणवंतराव म्हणाले, "बाई, गुरुजी येऊन गेले. कचेरीत सांगतलं म्हने का गाव उजाड आहे. मी म्हटलं, साहेब, गाव उजाड आहे त मंग मी कोन आहो? भूत आहो का?"

"मंग साहेब काय म्हने?"

"म्हने, तुमच्या पाटीवरच रिठ लिवलं आहे."

सुगंधाबाई उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. इतके दिवस त्या माझ्या सावलीत बसत होत्या. "काऊन व?" का गं, एवढंच त्या मला म्हणाल्या. त्यांनी मला दगड मारला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गुणवंतरावांनी गफ्फारभाईंना निरोप दिला की पाटीवरचा शेवटचा शब्द खोडायचा. गफ्फारभाई सायकलवर रंगाचा डबा आणि कानस बांधून आले. सुगंधाबाई आणि मुखरू फाट्यावर हजर होते. गफ्फारभाई नेकीचे माणूस. त्यांनी काम सुरू करण्याआधी पुन्हा विचारलं, "शेवटचाच ना, बाई?"

"हाव भाऊ. शेवटचाच."

मित्रांनो, उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. गफ्फारभाईंचा शेवट डावीकडे होता. कानस माझ्या डाव्या अंगाला लागली आणि मी समजले. सगळ्यांच्या नजरा ज्या बाजूनं वाचायला सुरुवात करतात, ती ही बाजू. माझं नाव घासलं जात होतं. मला ओरडायचं होतं, पण पत्र्यावर कानस घासली की पत्रा ओरडतोच, त्याकडे कोण लक्ष देतं? गफ्फारभाईंनी घासलेल्या जागेवर पांढरा रंग लावला, मागं सरून बघितलं आणि मान डोलावली. दोनांतला एक शब्द गेला होता, एक राहिला होता. सगळ्यांना हेच हवं होतं. सुगंधाबाईंनी मला हळदकुंकू लावलं आणि मुखरूनं नारळ फोडला. मला आजवर मिळालेला हा एवढाच मान, आणि तो मी रडवेली होऊन घेतला.

तुम्ही म्हणाल, इतकं साधं कसं कळू नये? एकदा उर्दूचं पान पुढं घेऊन बसा आणि त्याचा शेवट दाखवा, म्हणजे समजेल.

आता माझ्या अंगावर गावाचं नावच राहिलं नाही. नुसतं 'रिठ'. पुढच्या वर्षी दुसरे गुरुजी आले. हे वयस्कर होते, हातात छत्री होती. त्या दिवशी नाल्याला पूर होता, म्हणून गावातून गाडी येऊ शकली नव्हती. त्यांनी माझ्यावरचा तो एक शब्द वाचला आणि त्यांना वाटलं की आपण भलत्याच ठिकाणी उतरलो. बिचारे छत्री उघडून पावसातून चालत पुढच्या गावाला गेले. ते वळणाआड जाईपर्यंत मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. इतकं जवळ आलेलं माणूस असं जाताना बघणं फार वाईट असतं.

मग कुणी आलंच नाही. दोन गुरुजी गेले आणि दोघांनाही गाव सापडलं नाही, म्हणजे गावच नसेल, असं कचेरीत ठरलं असावं. गुणवंतराव हेलपाटे घालत राहिले. तेवढ्यात राज्यांची नवी वाटणी झाली आणि आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. गुणवंतराव म्हणाले, "गाव होतं तिथीच आहे आन् राज्य बदललं. आता नव्या साहेबाले पयल्यापासून सांगा लागन." ते पहिल्यापासून सांगू लागले.

इकडे कमळा मोठी होत होती. फाट्यावर आली की आता ती माझ्याकडे बघत नसे. दुरून मागणी आली तेव्हा सुगंधाबाईंनी पाहुण्यांना सांगितलं, "थांबा जी, शाळा येऊ द्या." पाहुणे हसले. पुढच्या वर्षी दुसरं स्थळ आलं, तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं. गावातल्या बायका त्यांची थट्टा करू लागल्या, पोरगी म्हातारी झाल्यावर शाळा येईल म्हणू लागल्या. तिसऱ्या खेपेला सुगंधाबाईंनी पाहुण्यांना हो म्हटलं. त्या काळी आमच्याकडे मुलींची लग्नं फार लवकर होत, मित्रांनो. ते बरं नव्हतं, हे आता सगळेच म्हणतात.

वैशाखात कमळाची वरात धानोऱ्याच्या बाजूला निघाली. छकड्यात ती हळदीनं पिवळी होऊन, डोकं खाली घालून बसली होती. छकडा माझ्या अगदी जवळून गेला. सुगंधाबाई फाट्यापर्यंत चालत आल्या आणि छकडा दिसेनासा झाल्यावर माझ्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

आणि त्याच वर्षी, रोवणीच्या दिवसांत, तिसरे गुरुजी आले.

हे नाकाडे गुरुजी. तरुण होते, ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावात वाढलेले. मोटारीतून उतरले, 'रिठ' वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं, झालं, हेही आता पेटीवर बसणार. पण त्यांची नजर माझ्या पायाशी गेली. सकाळी रस्त्याकडच्या बांधीत लावायला पऱ्ह्यांची गाडी गेली होती. तिच्यातून एक पेंडी खाली पडली होती, हिरवीगार, मुळांना ओला चिखल लागलेली. गुरुजींनी ती उचलली. "रिठात पऱ्हे कोन लावते?" असं ते मोठ्यानं म्हणाले. पेटी माझ्या पायाशी ठेवली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पेंडी हातात घेऊन ते चाकोरीनं आत निघाले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. गुणवंतराव ते इतक्यांदा सांगतात की पाहिल्यासारखंच वाटतं. अख्खं गाव चिखलात वाकलेलं होतं. बांधावर एक अनोळखी माणूस उभा राहिला आणि हातातली पेंडी दाखवून म्हणाला, "ही तुमचीच का जी?" सुगंधाबाई सरळ झाल्या. गुरुजींनी आपण कोण ते सांगितलं. गुणवंतराव म्हणतात, बायकांनी लगेच गाणं धरलं, पण सुगंधाबाई गात नव्हत्या. त्यांनी ती पेंडी घेतली, सोडली, आणि सगळी लावून होईपर्यंत मान वर केली नाही.

गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात गफ्फारभाईंना बोलावून आणलं. गुरुजी बोट ठेवून समजावत होते आणि गफ्फारभाईंचा चेहरा उतरत चालला होता. "या अल्ला," ते हळूच म्हणाले. मग सुगंधाबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, मी त शेवटचाच मिटवला होता. आमचा शेवट इकडं असते. माह्यामुळं पोरीची शाळा गेली."

सुगंधाबाई म्हणाल्या, "तुमची काई चूक नाई, भाऊ. शेवट कुठी असते, हे आमाले तरी कुठी मालूम होतं?"

गफ्फारभाईंनी मला पुन्हा पांढरं केलं आणि मधोमध एकच शब्द काढला. या वेळी गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे डावीकडून सुरुवात केली. मध्येच ते थांबत आणि डोळे पुसत. रंगाचा वास डोळ्यांत जातो, असं त्यांनी मुखरूला सांगितलं.

शाळा भरू लागली. कधी कधी गुरुजी मुलांची रांग घेऊन फाट्यावर येतात आणि मुलं एका सुरात मला वाचतात. मला किती बरं वाटतं म्हणून सांगू! पण रांगेत मुलींकडे बघितलं की मला कमळा आठवते. ती असती तर सर्वांत उंच असती आणि मागं उभी राहिली असती.

मोठ्या माणसांसाठी गुरुजींनी रोजचा एक वर्ग काढला. सुगंधाबाई त्यात पहिल्या दिवशी जाऊन बसल्या. गुरुजींनी आधी ज्याचं त्याचं नाव लिहायला शिकवायचं ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "माहं राहू द्या, गुरुजी. आधी गावाचं शिकवा."

दिवाळीला कमळा माहेरी आली होती. परत जायच्या दिवशी मायलेकी मोटारीसाठी फाट्यावर आल्या. नवऱ्याच्या उसवलेल्या चपलेबद्दल, सासूच्या खोकल्याबद्दल कमळा काहीबाही सांगत होती. सुगंधाबाईंचं लक्ष नव्हतं. त्या एकदम उठल्या, कमळाचं बोट धरलं आणि माझ्या अंगावर टेकवलं.

"हा बे. पाह्य, डोक्यावर मात्रा आहे. म्हन."

"राहू दे न माय. लोक पाह्यतीन."

"कोन पाह्यते इथी? म्हन."

"बे," कमळा म्हणाली आणि हसली. लहानपणी हसायची तशी.

"हा ल."

"ल."

कमळाचं बोट आता आपणहून फिरू लागलं होतं. धुण्याभांड्यानं खरबरीत झालेलं बोट. ती प्रत्येक रेघ गिरवत होती, घाई नव्हती, आणि तिचे ओठ आधीच पुढच्या अक्षराचा अंदाज घेत होते. मला वाटलं, आज मोटार आली नाही तर किती बरं होईल. अशी प्रार्थना मी आयुष्यात पहिल्यांदाच केली, कारण एरवी मी मोटारीचीच वाट बघत असते.

"हा झ. हा कठीन आहे. मले लय दिवस नाई आला."

"झ," कमळा म्हणाली. तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला.

कंडक्टर घाईत होता. "चला बाई, चला. टाईम झाला." गाठोडं वर गेलं, कमळाही चढली. खिडकीतून ती म्हणाली, "राह्यलेलं पुढच्या खेपेले, माय." मोटार हलली.

धूळ खाली बसली. सुगंधाबाई रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या, उरलेल्या अक्षरावर स्वतःचं बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "री." ते ऐकायला माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं.

मित्रांनो, आता माझ्या कडा गंजल्या आहेत. जाणारे-येणारे माझ्यावर दगडाचा नेम धरतात. तेवढं करू नका, लागतं. वाटेत एखादी पाटी दिसली तर दोन क्षण थांबा आणि तिला मोठ्यानं वाचा, एवढ्यानंही तिचा दिवस चांगला जातो. पण तिच्यावर सगळा भरवसा टाकून परत मात्र फिरू नका. गाव उजाड आहे असं तिनं सांगितलं, तरी खाली वाकून चाकोरी बघा आणि आत जा. आत कुणीतरी चिखलात उभं राहून तुमची वाट बघत असेल. मी पाटी आहे, मी कितीही वर्षं वाट बघू शकते. माणसांच्या मुलींचं वय तेवढं थांबत नाही.